ऑप्टिक नर्व्हमधलं मायलिन: क्युप्रिझोन, ईएई की लायसोलेसिथिन?

चेतातंतू, पुणे

नमस्कार मंडळी. मायलिन, म्हणजे चेतातंतूंभोवतीचं आवरण, पुन्हा तयार व्हायला चालना देईल असं एक संयुग आमच्याकडे आहे. कल्चरमधल्या ऑलिगोडेंड्रोसाइटवर (मायलिन बनवणाऱ्या पेशींवर) त्याचा परिणाम चांगला दिसला, आता उंदराच्या ऑप्टिक नर्व्हवर (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर) पाहायचं आहे. बेत असा: सी५७बीएल/६ जातीचे ८ आठवड्यांचे उंदीर, खाद्यातून ०.२ टक्के क्युप्रिझोन (मायलिन घालवणारं रसायन) ६ आठवडे, मग साधं खाद्य आणि सोबत संयुग, शेवटी व्हीईपी (प्रकाश दाखवल्यावर मेंदूत उठणारा विद्युत प्रतिसाद) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी. शस्त्रक्रिया टळते म्हणून हा मार्ग निवडला. फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाचा अर्ज, लवकरच आयएईसीपुढे (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नीती समितीपुढे) ठेवायचा आहे. एकदा मंजुरी मिळाली की मॉडेल बदलायला पुन्हा समितीकडे जावं लागेल, म्हणून आधीच विचारतो. क्युप्रिझोन पुरेल का? काही जण ईएई (उंदराच्या प्रतिकारशक्तीलाच मायलिनवर हल्ला करायला लावणारं मॉडेल) सुचवतात, त्याचा इथे कितपत उपयोग?

नेत्रपटल

मुख्य मॉडेल म्हणून क्युप्रिझोन घेऊ नका. मेंदूतल्या कॉर्पस कॅलोझममध्ये ५-६ आठवड्यांत ते छान काम करतं, पण ऑप्टिक नर्व्हमध्ये मायलिन तुकड्यातुकड्यांत जातं, आणि किती जातं हे प्राण्यागणिक बदलतं. एवढ्या फरकात औषधाचा परिणाम बुडून जाईल. शिवाय शेवटच्या आठवड्यांत क्युप्रिझोन चालू असतानाच नव्या ऑलिगोडेंड्रोसाइट यायला लागतात. तुम्ही संयुग सुरू कराल तेव्हा दुरुस्ती आधीच निघालेली असेल आणि औषध न दिलेला गटही आपोआप बरा होत जाईल.

तरी तुलनेसाठी एखादा गट ठेवायचा असेल तर भुकटीचं खाद्य वापरा. गोळ्या करताना उष्णता लागते आणि क्युप्रिझोनचा जोर कमी होतो. मिश्रण ताजं करा, ४ अंशांवर ठेवा, दर २-३ दिवसांनी बदला. पुण्याच्या पावसाळ्यात भुकटी दमट होऊन गोळे धरते. उंदीर ती उकरून बाहेर टाकतात, आणि मग पोटात किती गेलं हे कळायला मार्ग राहत नाही. मिसळताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

तुमचा प्रश्न दुरुस्तीचा आहे, म्हणून मायलिन विरघळवणारं लायसोलेसिथिन, म्हणजे एलपीसी. १ टक्का द्रावण निर्जंतुक पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफरमध्ये), थेट नर्व्हमध्ये. जागा ठरलेली, वेळ ठरलेली: काही दिवसांत मायलिन जातं, आठवड्याभरात जखम पूर्ण दिसते, पुढच्या २ ते ४ आठवड्यांत दुरुस्ती. संयुग कधी सुरू करायचं हे तुमच्या हातात राहतं.

अवघड भाग शस्त्रक्रियेचा. उंदराची ऑप्टिक नर्व्ह जेमतेम ०.३ मिमी जाड असते. काचेच्या केशनळीचं टोक ३०-५० मायक्रॉनचं करा, ०.५ मायक्रोलिटरच्या वर जाऊ नका, २-३ मिनिटांत हळूहळू सोडा आणि सुई आणखी २ मिनिटं तशीच ठेवा, नाहीतर द्रावण मागे वाहून येतं. कंजंक्टायव्हा (डोळ्यावरचं पातळ आवरण) वरून उघडा आणि नर्व्हच्या खालच्या बाजूला जाऊ नका, तिथे रक्तवाहिनी आहे. ती दाबली गेली तर रेटिनाच मरेल आणि तुम्ही त्याला मायलिनचा परिणाम समजाल. शस्त्रक्रियेनंतर लगेच फंडस (डोळ्याचा आतला तळ) पाहा. रेटिना फिकट दिसली तर तो प्राणी वगळा, आणि वगळण्याचा हा निकष फॉर्म बीमध्ये आधीच लिहा. नंतर लिहिलेला निकष कुणी मानत नाही.

एलपीसीचं द्रावण जुनं झालं की साका बसतो आणि सुई तुंबते. वापरण्याआधी कोमट करून सोनिकेट करा. आणि फक्त पीबीएस टोचलेला स्वतंत्र गट हवाच, कारण सुईनेही ॲक्सॉन (नर्व्हमधले तंतू) तुटतात. त्याच प्राण्याचा दुसरा डोळा नियंत्रण म्हणून चालत नाही. एका नर्व्हला इजा झाली की दुसऱ्या बाजूच्या रेटिनातली मायक्रोग्लियाही (तिथल्या प्रतिकारपेशी) जागी होते.

वेदनाशामक म्हणून ब्युप्रेनॉर्फिन लिहा. मेलॉक्सिकॅम दाह कमी करतं, म्हणजे तुम्ही जे मोजणार त्यातच हात घालतं. ब्युप्रेनॉर्फिन अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, तेव्हा त्याची कागदपत्रं आत्तापासून सुरू करा.

दाहकथा

एलपीसीबद्दल सहमत, पण ईएई बाजूला सारू नका. माणसांतला ऑप्टिक न्यूरायटिस हा दाहाचा आजार आहे, आणि एलपीसीमध्ये टी-पेशींनी सुरू केलेला दाह नसतो. संयुग दाह असतानाही काम करतं का, हे फक्त ईएईच सांगेल.

नेहमीची पद्धत: मादी सी५७बीएल/६, मॉग ३५-५५ पेप्टाइड (मायलिनच्या प्रथिनाचा तुकडा) २०० मायक्रोग्रॅम, सीएफए (प्रतिकारशक्ती चेतवणारं तेल) समप्रमाणात मिसळून त्वचेखाली दोन जागी. पर्टुसिस टॉक्सिन पोटात, त्या दिवशी आणि दोन दिवसांनी, २०० नॅनोग्रॅमच्या आसपास. टॉक्सिनचा जोर बॅचनुसार फार बदलतो, म्हणून नवी बॅच आली की आधी थोड्या प्राण्यांवर तपासा. ईएई न लागण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे कच्चं इमल्शन. दोन काचेच्या सिरिंजमधून ते घट्ट होईपर्यंत फिरवा, मग एक थेंब पाण्यावर सोडा. थेंब पसरला तर इमल्शन झालेलं नाही.

लक्षणं साधारण ९ ते १४ व्या दिवसात येतात. पण शेपटी आणि पायांचा स्कोअर मज्जारज्जूचं सांगतो, डोळ्याचं नाही. स्कोअर १ असलेल्या उंदराची नर्व्ह दाहाने भरलेली असू शकते आणि स्कोअर ३ वाल्याची एक नर्व्ह स्वच्छ. म्हणून डोळ्यांचं मोजमाप प्रत्येक प्राण्यात स्वतंत्र हवं. आणि एका प्राण्याचे दोन डोळे म्हणजे दोन नमुने नव्हेत. विश्लेषणात मिक्स्ड मॉडेल किंवा जीईई (एकाच प्राण्यातली मापं जोडलेली धरणाऱ्या सांख्यिकी पद्धती) वापरा. प्राण्यांची संख्या ठरवतानाही हेच धरा, समिती नेमकं तिथे बोट ठेवते.

मागचे पाय गेलेल्या प्राण्याला ओलं खाद्य जमिनीवर, पाण्याची लांब नळी, गरजेप्रमाणे त्वचेखाली सलाईन, मूत्राशय हाताने रिकामं करणं. वजन २० टक्के घटलं की थांबायचं. हे सगळं अर्जात लिहा आणि पाळा. त्या प्राण्यांप्रती ते आपलं देणं आहे.

उंदीर घेताना उपजात विचारा. सी५७बीएल/६एन मध्ये आरडी८ म्युटेशन असतं, रेटिनावर पांढरे डाग येतात, ओसीटी (रेटिनाच्या थरांचं स्कॅन) बिघडते. ६जे मध्ये ते नसतं. कागदावर नुसतं 'ब्लॅक ६' असेल तर जीनोटायपिंग करून घ्या. एसजेएल तर घेऊच नका, आरडी१ या म्युटेशनमुळे त्यांची दृष्टी लहानपणीच जाते.

चेतातंतू, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. मग एलपीसी मुख्य आणि ईएई दुसऱ्या टप्प्यात, असं लिहितो. व्हीईपीमध्ये विजेच्या मेन्सचा ५० हर्ट्झचा गोंगाट फार येतो. नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळणारा) लावला तर चालेल का? आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत काय सांभाळू?

लेटन्सी

नॉच फिल्टर लावू नका. लाटेचा आकार बदलतो, शिखर सरकतं, आणि तुम्हाला लेटन्सीच (प्रतिसादाला लागणारा वेळ) मोजायची आहे. आधी अर्थिंग तपासा, फॅरडे पिंजरा वापरा, हीटिंग पॅड डीसीवर चालणारा घ्या. फ्लॅश १ हर्ट्झवर ठेवू नका. ५० ला त्याने नि:शेष भाग जातो, त्यामुळे मेन्सचा आवाज दर वेळी त्याच जागी येऊन सरासरीत साचत जातो. ०.९ किंवा १.१ ठेवा.

शरीराचं तापमान ३७ अंशांवर धरा. थंड पडलेल्या उंदराची लेटन्सी आपोआप वाढते आणि मायलिन गेल्यासारखी दिसते. आयसोफ्लुरेनने व्हीईपी दबतो. केटामिन-झायलाझिन बरं, पण झायलाझिनने भिंग तात्पुरतं पांढरं होतं, तेव्हा हायप्रोमेलोजचे थेंब घालत राहा. माणसांत क्लेमास्टिन या औषधाचा परिणाम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेटन्सीवरच दिसला, तोही दर डोळ्याला सरासरी १.७ मिलिसेकंद. एवढासा फरक शोधायचा तर तापमानाची ढिलाई परवडणार नाही.

नेत्रपटल

मायक्रोस्कोपीचं मी सांगतो. उंदराच्या नर्व्हचा डोळ्यालगतचा साधारण १ मिमी भाग मुळातच मायलिनविना असतो. तिथला छेद घेऊन 'मायलिन गेलं' असं लिहिलेलं आढळतं, ते चूक आहे. सुई त्याच्या मागे टोचा, छेद त्याच्या मागे घ्या, आणि डोळ्यापासूनचं अंतर प्रत्येक नमुन्यावर नोंदवा.

परफ्युजनला (रक्तवाहिन्यांतून ऊती स्थिर करताना) २ टक्के पीएफए (पॅराफॉर्मल्डिहाइड) आणि २.५ टक्के ग्लुटारल्डिहाइड, कॅकोडायलेट बफर, मग १ टक्का ऑस्मियम. मेंदू उचलण्याआधी नर्व्ह कापून मोकळी करा. ओढली गेली की मायलिनचे थर सुटतात आणि ते रोगासारखे दिसतात. आधी १ मायक्रॉनचे टोल्युइडिन ब्लू छेद पाहून जखम कुठे आहे ते ठरवा, नाहीतर ग्रिड वाया जातात.

जी-रेशोची (ॲक्सॉनचा व्यास भागिले मायलिनसकट व्यास) नुसती सरासरी देऊ नका. या नर्व्हमधले बहुतेक ॲक्सॉन १ मायक्रॉनपेक्षा बारीक. इतक्या बारीक ॲक्सॉनवर नवं आणि जुनं मायलिन जाडीवरून वेगळं काढता येत नाही. ॲक्सॉनच्या व्यासासमोर जी-रेशोचा आलेख काढा, एका प्राण्यातून निदान २०० ॲक्सॉन मोजा, मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. 'नवं मायलिन' असा दावा करायचाच असेल तर पीडीजीएफआरए-क्रीईआरटी२ (ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशींवर खूण करणारी जनुकीय योजना) आणि पेशीपटलावर चमकणारा रिपोर्टर असलेले उंदीर लागतील. ते जमवायला वेळ लागतो. तोवर ईडीयू (नव्याने विभागणाऱ्या पेशींवर खूण करणारा पदार्थ) देऊन सीसी१ पेशी (पक्व ऑलिगोडेंड्रोसाइट) मोजा, म्हणजे जखमेनंतर जन्मलेल्या ऑलिगोडेंड्रोसाइट किती हे तरी हाती येईल. ईडीयूची मात्रा आणि दिवस फॉर्म बीमध्ये आत्ताच घाला.