पावसाळ्यात परसातल्या कोंबड्यांचे खाद्य: ताजे कसे ओळखावे?

प्रश्न: लांजेकर

नमस्कार. आमच्या परसात गिरिराज आणि गावठी मिळून वीसेक कोंबड्या व दोन बदके आहेत. दिवसभर ती मोकळी फिरतात आणि संध्याकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी आम्ही त्यांना लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचे दळलेले खाद्य) घालतो. तालुक्यातल्या एका दुकानातून आणलेली नवी गोणी उघडली तेव्हा कुबट वास आला आणि तळाशी मुठीएवढे गठ्ठे निघाले. ते फोडले तर आत राखाडी-हिरवट झाक दिसली. दुकानदाराचे म्हणणे असे की गठ्ठे चाळून काढावेत, उरलेले खाद्य दोन दिवस उन्हात पसरावे, म्हणजे काही होत नाही. गोणीवर उत्पादनाची तारीख कुठेच नव्हती. हे खाद्य वापरण्याजोगे आहे का, आणि पुढच्या वेळी घेताना नेमके काय पाहावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: पशुवैद्य, सातारा

लांजेकर, ती गोणी कोंबड्यांना घालू नका, आणि बदकांना तर मुळीच नको. मक्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. उन्हाने ओलावा जातो आणि बुरशीची पुढची वाढ थांबते. परंतु आधी तयार झालेले विष दोन दिवसांच्या उन्हाने भरवशाने नाहीसे होत नाही, शिजवूनही जात नाही. गठ्ठे चाळून टाकल्याने आपल्या मनाचे समाधान होते इतकेच, कारण विष बाकीच्या भुग्यातही पसरलेले असू शकते.

या विषाचा शोधच मुळी कुक्कुटपालनातून लागला. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्याचे मूळ ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडले. त्या वेळी बदकांची पिल्लेही दगावली होती. बदके कोंबडीपेक्षा या विषाला फार लवकर बळी पडतात. भारतीय मानकानुसार कोंबडीखाद्यात अफलाटॉक्सिन बी-1 किलोमागे 20 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. इतके सूक्ष्म प्रमाण डोळ्यांना किंवा नाकाला कळणे शक्यच नाही, म्हणून वास नाही म्हणजे खाद्य निर्धोक, असाही अर्थ काढू नये. कोंबडी लगेच मरत नाही. यकृत बिघडते, अंडी कमी होतात, लसीचा परिणाम नीट होत नाही, आणि आपण दोष हवामानाला देतो.

घेताना तारीख पाहा. तारीख नसलेली गोणी स्वस्त मिळाली तरी परत करा. दळलेले खाद्य अख्ख्या दाण्याइतके टिकत नाही, कारण दाणा फुटला की त्यातले तेल हवेच्या संपर्कात येऊन खवट होते आणि अ व ई जीवनसत्त्वेही घटत जातात. कोकणच्या पावसात महिन्याभरात संपेल एवढेच आणावे. गोणी ओल्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. फळीवर ठेवावी किंवा खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात भरावे, आणि जुने संपवून पिंप पुसून कोरडे केल्याशिवाय त्यात नवे ओतू नये.

उत्तर: मळेकरी, निफाड

डॉक्टरांशी सहमत आहे. आम्ही मका अख्खा घेतो आणि लागेल तसा भरडून आणतो. दिवाळीच्या सुमारास बाजारात येणारा नवा मका दिसायला टपोरा असतो, पण बहुधा ओला असतो. तो साठवणुकीसाठी घेऊ नये. ओल तपासण्याची एक सोपी पद्धत सांगतो. काचेची पूर्ण कोरडी बरणी घ्यावी, तिच्यात मूठभर मका आणि चमचाभर कोरडे मीठ घालून झाकण लावावे, काही मिनिटे हलवावी आणि मग स्थिर ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात 15 टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजावे. मात्र मीठ न चिकटल्याने मका साठवण्याइतका कोरडा आहे असे सिद्ध होत नाही, कारण त्यासाठी ओलावा 12-13 टक्क्यांच्या आत असावा लागतो.

दोन गोष्टींत मात्र घरचे मिश्रण करणाऱ्यांची हमखास फसगत होते. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले लाल-गुलाबी बियाणे धुऊन कोंबड्यांना घालणारे लोक मी पाहिले आहेत. थायरमसारख्या बुरशीनाशकाने अंड्यांचे कवच बिघडते आणि पिल्लांचे पाय अधू होतात, त्यामुळे ते बियाणे खुराड्याच्या जवळही ठेवू नये. दुसरे म्हणजे कच्चे सोयाबीन. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निष्प्रभ होतो, म्हणून सोयाबीन नीट भाजून तरी घ्यावे, नाहीतर कारखान्यातली सोया पेंड वापरावी. सरकी पेंडीनेही अंड्यातला बलक हिरवट पडतो. ती गाई-म्हशींनाच असू द्यावी.

उत्तर: सावंतवाडीकर

हे सगळे वाचून मला जरा अतिच वाटते. आमच्या आजीच्या कोंबड्या कोंडा, कणी आणि उष्टे-खरकटे खाऊन वाढल्या आणि कधी दुकानाचे खाद्य पाहिलेही नाही. तारखा आणि टक्के पाहत बसलो तर परसातली कोंबडी परवडणार कशी?

उत्तर: पशुवैद्य, सातारा

आजीच्या कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरून किडे, गवत आणि बिया खात, आणि वर्षाला मोजकीच अंडी घालत. त्यांना तेवढे पुरत असे. गिरिराजसारख्या सुधारित जातीची कोंबडी त्याहून पुष्कळ अधिक अंडी देते, म्हणून तिच्या आहारात प्रथिने आणि कॅल्शियम पुरेसे लागते. कणी आजही उत्तम आहे. तांदळाचा कोंडा मात्र गिरणीतून आणल्यावर लवकरच खवट होऊ लागतो, तो ताजाच वापरावा. खरकटे घालताना खारे मासे, लोणचे आणि बुरशी आलेला पाव वेगळा काढावा. जास्त मिठाने कोंबड्या मरतात, आणि हे जुनी माणसेही सांगत.

लांजेकर

आभारी आहे. गोणी परत केली; दुकानदाराने कुरकुर केली, पण बदलून दिली. एक शंका उरली. एक कोंबडी पिल्ले घेऊन उतरली आहे. हीच लेअर मॅश पिल्लांना चालेल का?

उत्तर: पशुवैद्य, सातारा

चालणार नाही. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. पिल्लांना साधारण एक टक्का पुरते आणि जास्तीच्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. डालग्याखाली वेगळे खाद्य देणे जमत नसेल, तर काही आठवडे सर्वांनाच औषधविरहित स्टार्टर (पिल्लांचे खाद्य) घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यावरच्या कोंबड्या गरजेपुरता चुरा खातात आणि पिल्ले त्याकडे सहसा फिरकत नाहीत. स्टार्टरमध्ये रक्ती हगवणीवरचे औषध घातलेले असते तेव्हा ते लेबलवर लिहिलेले असते. तसे असेल तर ते अंड्यावरच्या कोंबड्यांना घालू नका.