गुरुवारी वीज आली की फक्त मुलाच्या टॅबला नेट नाही. राउटरचं काय बिनसतं?

हिशोबवाली (धायरी):
नमस्कार मंडळी. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. राउटरला छोटा यूपीएस आहे, तो दोनेक तास तग धरतो. पण सकाळी नऊला गेलेली वीज दुपारी दोनशिवाय येत नाही, म्हणून तोही मान टाकतो. इथवर माझी तक्रार नाही.

वीज आली की राउटरचे दिवे हिरवे होतात. माझा लॅपटॉप चालतो, जीएसटीचं रिटर्न भरता येतं, ह्यांचा फोन चालतो. फक्त चिरंजिवांच्या टॅबवर ‘वाय-फाय जोडलेलं, इंटरनेट नाही’. अडीचच्या सुमारास तो आपोआप सुरू होतो. आणि मग थांबतच नाही! टॅबला मी राउटरमधून रात्री ११ ते सकाळी ६ असं कुलूप घातलंय, ते गुरुवारी रात्री लागत नाही. (हा शोध अर्थातच आधी चिरंजिवांना लागला आणि त्यांनी तो गुप्त ठेवला.) शुक्रवारी सकाळी साडेसातला मात्र टॅब पुन्हा ठप्प, आणि आठला त्याचा अबॅकसचा ऑनलाइन क्लास.

कस्टमर केअरला फोन केला की ‘मॅडम, राउटर बंद करून चालू करा’. केला की पुन्हा अर्धा तास टॅब बंद. फॅक्टरी रीसेट मारून मोबाइल अ‍ॅपमधून सगळं पहिल्यापासून भरलं तर सुरळीत, ते पुढच्या गुरुवारपर्यंत. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) ‘सर्वांत नवीन आहे’ म्हणतो, आणि ते सर्वांत नवीन काही वर्षांपूर्वीचं आहे. नवा राउटर घ्या हे उत्तर कृपया नको, ते ह्यांनी देऊन झालंय.

नारायणपेठी:
अर्धा तास म्हणालात म्हणून सांगतो. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारचा संकेत मिळाला असं राउटरला वाटलं की त्याला तो चॅनल सोडावा लागतो आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकता येत नाही. आमच्या विमाननगरच्या मेव्हण्याला हाच त्रास होता. ३६ ते ४८ पैकी एखादा चॅनल कायमचा निवडा, सुटेल.

तारजोड:
रडारचा नियम बरोबर, पण इथे लागू नाही. चॅनल सोडला असता तर ताईंचा लॅपटॉपही तुटला असता, आणि राउटर मुकाट्यानं दुसऱ्या चॅनलवर गेला असता. टॅबचं वाय-फाय जोडलेलं आहे, नेट कुणीतरी अडवतंय. अडवणारं घरात एकच आहे: ते कुलूप.

ताई, वेळापत्रक असलेल्या राउटरमध्ये असं काही झालं तर आधी घड्याळ बघावं. लॅपटॉपवरून राउटरचं पान उघडा (बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१), सिस्टीम टूल्समध्ये लॉग आणि टाइम सेटिंग अशी दोन पानं असतील. गुरुवारी वीज आल्या आल्या तिथे काय दिसतं ते लिहा. गुरुवारची वाट बघायची नसेल तर आत्ताच प्लग काढून लावा.

हिशोबवाली (धायरी):
काढून लावला. लॉगची पहिली ओळ: १९७०-०१-०१ ०५:३०:२१. त्यानंतर दर काही ओळींनी ‘एनटीपी: सर्व्हरकडून उत्तर नाही’. आमचा राउटर माझ्यापेक्षा वयानं मोठा निघाला.

तारजोड:
झालं, सापडलं.

मोबाइलमध्ये किंवा संगणकात घड्याळ बॅटरीवर चालू राहतं. घरगुती राउटरमध्ये ती बॅटरी सहसा नसतेच. वीज गेली की तो वेळ विसरतो आणि युनिक्सच्या (राउटरच्या आतल्या प्रणालीचा मूळ वंश) शून्यापासून, म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रीनिच मध्यरात्र, इथून मोजायला लागतो. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तुमच्याकडे पहाटेचे ०५:३०. एरवी काही सेकंदांत तो एनटीपीनं इंटरनेटवरून खरी वेळ आणतो. तुमच्याकडे ते उत्तर येत नाही.

आता तुमचंच कुलूप लावून बघा. राउटरच्या मते साडेपाच वाजलेत, कुलूप सहापर्यंत. म्हणून अर्धा तास टॅब बंद, आणि बंद-चालू केलं की पुन्हा अर्धा तास. वीज दुपारी दोनला आली तर राउटर साडेआठ तास मागे. त्याचे रात्रीचे अकरा म्हणजे आपले शुक्रवारचे सकाळचे साडेसात, आणि टॅब सुटणार दुपारी अडीचला. फॅक्टरी रीसेटनं बरं वाटतं कारण सेटअप करताना अ‍ॅप फोनची वेळ राउटरला देतं. रीसेटचा बाकी काही उपयोग नाही.

(गंमत म्हणजे १ जानेवारी १९७० लाही गुरुवारच होता. वारापुरतं राउटर खरं बोलतोय.)

उपाय: टाइम सेटिंगमध्ये टाइमझोन +०५:३० ठेवा. यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असेल, पुणे नसेल. मुंबई निवडावी लागते, इलाज नाही. एनटीपी सर्व्हरच्या चौकटीत जुना पत्ता पुसून ‘टाइम डॉट गूगल डॉट कॉम’ किंवा ‘इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी’ इंग्रजीत टाका. चौकट फक्त आकडे घेत असेल तर २१६.२३९.३५.० आणि दुसरीत २१६.२३९.३५.४. हे गूगलचेच आहेत. दुसऱ्या, ‘पूल’वाल्या पत्त्याचे आकडे टाकू नका, ते बदलत राहतात.

जुना_मोडेम:
पत्ता फर्मवेअरमध्येच कोरून ठेवायची ही खोड जुनी आहे. २००३ मध्ये नेटगिअरच्या काही राउटरांत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा एनटीपी सर्व्हर असाच कोरलेला होता. उत्तर आलं नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारायचे. हजारो घरांतून एकाच दारावर टकटक, विद्यापीठाला वाटलं हल्लाच झाला. तुमच्या राउटरातला सर्व्हर बहुतेक कधीच बंद पडलाय. पत्ता बदलूनही उत्तर नाही आलं, तर सेवा देणारा यूडीपी १२३ हे पोर्ट (एनटीपीची ये-जा ज्या दारातून होते ते) अडवतोय का ते विचारा. कस्टमर केअरला नव्हे, तुमच्या भागातल्या लाइनमनला.

हिशोबवाली (धायरी):
चौकट फक्त आकडे घेते. टाकले, सेव्ह केलं, प्लग काढून लावला. लॉगमध्ये तीन-चार ओळी १९७० च्या आणि मग एकदम आजची तारीख! टॅब मिनिटभर अडखळला आणि सुरू झाला. तारजोड, नारायणपेठी, जुना_मोडेम, सगळ्यांचे आभार. ह्यांना नवा राउटर आणायला निघताना दारातून परत बोलावलंय.

नारायणपेठी:
एक राहिलं. कुलूप टॅबच्या मॅक पत्त्यावर (राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक) असतं. अँड्रॉइड १० पासून प्रत्येक वाय-फायसाठी बनावट मॅक वापरायची सोय आहे. चिरंजिवांनी टॅबवर ‘नेटवर्क विसरा’ करून दुसरा मॅक निवडला तर राउटरला तो नवाच पाहुणा वाटेल. त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘डिव्हाइसचा मॅक वापरा’ करून ठेवा आणि राउटरमध्येही तोच टाका.

हिशोबवाली (धायरी):
बघितलं. तिथे ‘यादृच्छिक मॅक’ होतं, बदललं. हा धागा त्याच्या टॅबवर उघडू नये याची आता काय सोय?