मदत हवी आहे: वीरगळ-शिलालेखांच्या फोटोंसाठी वाकणाऱ्या पायांचा छोटा ट्रायपॉड कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

छोट्या कॅमेऱ्यासाठी पाय हवे तसे वाकवता येणारा ट्रायपॉड घ्यायचा आहे. ऑनलाइन शेकड्यांनी दिसतात, पण त्यांची परीक्षणं बहुतेक व्हिडिओ करणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. माझी गरज वेगळी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही काही मित्रमैत्रिणी सातारा-सांगलीकडच्या गावांतले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, त्यांवर एकावर एक कोरीव चौकटी असतात), सतीशिळा आणि शिलालेख यांचे फोटो काढून नोंदी ठेवतो. किकलीला भैरवनाथाच्या देवळात आहेत तसे वीरगळ नीट उभे असले तर काम सोपं होतं. पण पुष्कळ गावांत दगड पाराला टेकवलेला असतो, मारुतीच्या देवळामागे अर्धा मातीत गेलेला असतो, नाहीतर अंधाऱ्या मंडपात भिंतीत बसवलेला असतो. वीरगळाची लढाईची चौकट सगळ्यात खाली असते, त्यामुळे कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावा लागतो. मोठा ट्रायपॉड घरी आहे, पण तो तेवढा खाली येत नाही आणि एसटीने जाऊन पुढे पायी हिंडताना त्याचं ओझंही होतं.

दगड झिजलेला असतो, त्यावर तेल-शेंदराचा थर असतो. समोरून उजेड पडला की सगळं सपाट दिसतं. म्हणून आम्ही सूर्य मावळल्यावर टॉर्च दगडाच्या कडेने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरतो. उभी रेघ डाव्या-उजव्या बाजूच्या उजेडात उठून दिसते, तर आडवी रेघ वरून किंवा खालून उजेड टाकल्यावर. त्यामुळे एकाच चौकटीचे चारही बाजूंनी उजेड टाकून फोटो घ्यायचे आणि घरी संगणकावर एकावर एक ठेवून वाचायचे, अशी आमची पद्धत. (अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणारे लोक अजूनही भेटतात. कृपा करून कुणी असं करू नका. ते भेगांत जाऊन बसतं आणि पुसताना दगड आणखी झिजतो. तिरक्या उजेडात दगडाला हातही न लावता जास्त दिसतं.)

कॅमेरा सोनी आरएक्स१००, तिसरी आवृत्ती. बॅटरी आणि कार्ड धरून २९० ग्रॅम. स्क्रीन वर वळते, त्यामुळे जमिनीलगत लावूनही फ्रेम दिसते. आयएसओ १२५, एफ/५.६, शटर एक-दोन सेकंद, आणि बटण दाबल्याचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

आता अडचण. सध्याच्या ट्रायपॉडचे पाय फोमचे आहेत, आत तार आहे. कॅमेरा आडवा असला तर कसंबसं भागतं. पण वीरगळ उभा असतो, म्हणून कॅमेराही उभा फिरवून लावावा लागतो, आणि तसा लावला की तो हळूहळू मान टाकतो. डोळ्यांना कळतसुद्धा नाही. पहिल्या फोटोत शिवलिंगाच्या चौकटीवरचा कलश पूर्ण असतो, चौथ्या फोटोत त्याचं टोक कापलेलं. मग चारही फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

तेव्हा मला उंची नको, मोबाईलचा क्लिप नको. कॅमेरा उभा लावून पाच-सात मिनिटं केसभरही हलता कामा नये, एवढंच हवं. आणि जमीन खडबडीत असते, कधी पायरीच्या कडेला, कधी खिडकीच्या गजाला लावायचा असतो, म्हणून पाय वाकणारे हवेत. बॉलहेडसकट (कॅमेरा हवा तसा वळवून घट्ट करायचा वरचा गोल सांधा) अडीच हजारांपर्यंत बसलं तर बरं. प्रत्यक्ष वापरलेल्या लोकांनी सांगावं.

प्रतिसाद:

ताई, तारेचे पाय सोडूनच द्या. तार वाकवली की थोडीशी मागे येतेच, तुम्ही पुरते हात सोडले तरी ती सरकत राहते. वारंवार वाकवल्याने आतल्या आत तुटते ती वेगळीच. गोल मणी एकमेकांत अडकवल्यासारखे सांधे असलेले पाय घ्या. जोबीचा गोरिलापॉड २००६ मध्ये आला तो याच रचनेचा, आणि आता बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत.

वजनाच्या आकड्याकडे मात्र सांभाळून बघा. गोरिलापॉडचा सगळ्यात लहान प्रकार ३२५ ग्रॅमपर्यंतच्या कॅमेऱ्यांसाठी होता. कागदावर तुमचा कॅमेरा त्यात बसतो. पण कॅमेरा बरोबर मधोमध, आडवा ठेवला तर ते वजन सरळ पायांवर येतं. उभा लावला की सगळा भार एका बाजूला लटकतो आणि सांध्यांना पीळ बसतो. तुमच्या कामाला एक किलो वजन पेलणारा हा कमीत कमी समजा. तीन किलोवाला मिळाला तर अधिक चांगला, कारण त्याचे मणी मोठे आणि सांधे घट्ट. पिशवीत जागा जास्त खाईल, किंमतही चढी, पण जुना चांगल्या स्थितीत मिळाला तर सोडू नका.

दुकानात घेणार असाल तर कॅमेरा सोबत न्या. काउंटरवर ट्रायपॉड ठेवून कॅमेरा उभा लावा, समोरच्या एखाद्या खोक्यावरच्या बारीक अक्षरांवर फोकस करून एक फोटो काढा. पाच मिनिटं काहीही न हलवता थांबा, मग दुसरा काढा. दोन्ही फोटो मोठे करून बघा. अक्षरं जागची हलली असतील तर तो ट्रायपॉड तिथेच ठेवून या. ऑनलाइन मागवलात तर घरी हीच परीक्षा परत करण्याची मुदत संपायच्या आत घ्या.

प्रतिसाद:

जमिनीवरच ठेवायचा तर वाकणारे पाय कशाला? मॅनफ्रोटोचा पिक्सी बघा. पाय ताठ, बॉलहेड अंगचंच, एक किलोपर्यंत झेपतो. सांधेच नाहीत तर खचणार काय? ओबडधोबड जागेसाठी सोबत जाड कापडाची तांदूळ भरलेली पिशवी ठेवा. पायरीवर, कठड्यावर पिशवी टाकून त्यात कॅमेरा दाबून बसवला की मस्त बसतो. खर्च शून्य.

धागाकर्ती:

तांदळाची पिशवी नक्की शिवते, ती खूपच उपयोगी पडेल. पिक्सीचा विचार केला होता, पण आमच्याकडे सपाट जागा फार क्वचित मिळते. एक पाय दगडावर, दुसरा मुळीवर, तिसरा खाली मातीत, अशी परिस्थिती असते. शिवाय उजेड फिरवताना आम्ही दोघं-तिघं दगडाभोवती वावरत असतो, त्यामुळे कॅमेरा नुसता टेकवलेला नको वाटतो.

प्रतिसाद:

पायांबद्दल बरंच लिहिलं गेलंय, पण तुमचा कॅमेरा मान टाकतोय त्यात पायांइतकाच दोष स्क्रूचा असू शकतो. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांना खाली पाव इंची स्क्रूचं भोक असतं. कॅमेरा उभा केला की तो स्क्रू आडवा होतो आणि बाहेर आलेल्या लेन्सच्या वजनाने कॅमेरा त्या स्क्रूभोवतीच फिरतो. पाय कितीही भक्कम घेतले तरी हे थांबणार नाही.

यावर उपाय एल आकाराच्या प्लेटचा. प्लेट कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला बसते, त्यामुळे कॅमेरा उभा असतानाही वजन बॉलहेडच्या बरोबर वर येतं, बाजूला लटकत नाही. साधी छोटी प्लेट चालेल, फक्त तिला कॅमेरा टेकायला मागून किंवा पुढून कड हवी, म्हणजे फिरायला वाव राहत नाही. प्लेटला रबर जाड असेल तर तेही दबत राहतं, तेव्हा पातळ रबर बघा. आणि स्क्रूला नाण्याने पिळता येईल अशी खाच असलेलीच घ्या, नुसत्या बोटांनी पुरेसा घट्ट होत नाही.

बॅटरीचं झाकण तळालाच आहे, ते प्लेटखाली झाकलं जाईल. त्यामुळे दगडासमोर मांडण्यापूर्वी बॅटरी भरलेली घाला, नाहीतर मधेच सगळं उतरवावं लागेल आणि फ्रेम गेली.

तीन पायांपैकी एक नेहमी लेन्सच्या खाली, पुढे काढा. उरलेले दोन मागे, फाकवून. जमिनीलगत काम असेल तर पाय आखूड वळवा, जितके कमी सांधे हवेत उभे तितकं चांगलं. आणि ट्रायपॉडवर असताना कॅमेऱ्यातलं स्टेडीशॉट (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद करा.

प्रतिसाद:

फार चांगलं काम करताय. दोन गोष्टी. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते, छोटा आहे म्हणून गृहीत धरू नका. गावच्या देवळात गुरवांना किंवा विश्वस्तांना विचारून घेतलं की सहसा कुणी अडवत नाही, उलट माहितीच मिळते. दुसरं, वाकणारे पाय कोरीव खांबांना किंवा शिल्पांना गुंडाळू नका. गजाला, लोखंडी कठड्याला, झाडाला खुशाल गुंडाळा.

कॅमेरा एकदा पक्का बसला की आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) नावाची पद्धत जरूर करून बघा. तुमचीच पद्धत पुढे नेलेली आहे. दगडाशेजारी चकचकीत काळी गोळी ठेवायची, कॅमेरा न हलवता टॉर्च अर्धगोलात फिरवत बरेच फोटो घ्यायचे. गोळीवरच्या चमकेवरून सॉफ्टवेअर उजेडाची दिशा ओळखतं आणि नंतर स्क्रीनवर उजेड हवा तिकडून पाडून अक्षर वाचता येतं. मूळ तंत्र २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेतून आलं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मात्र फोटो बरेच घ्यावे लागतात, त्यामुळे तुमची न हलण्याची अट तिथे आणखी कडक होते.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रूचा मुद्दा आज लगेच तपासला. ट्रायपॉड बाजूला ठेवून बॉलहेड टेबलाच्या कडेला शिकंज्यात पकडलं, कॅमेरा उभा लावला आणि पाच मिनिटांच्या अंतराने दोन फोटो काढले. पाय नसतानाही फ्रेम खाली सरकली! म्हणजे आधी एल प्लेट, मग पाय. पाय एक किलोवाले की तीन किलोवाले हे दुकानात परीक्षा घेऊन ठरवेन, पण कल तीन किलोकडे आहे, जुने मिळाले तर उत्तमच.

आता एकच विचारते. या कॅमेऱ्याला बसणारी, कड असलेली छोटी एल प्लेट कुणी वापरली आहे का? पुण्यात किंवा साताऱ्यात हातात घेऊन बघता येईल अशी जागा माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि स्क्रीन वर वळवताना प्लेटची कड आड येते का, हेही वापरणाऱ्याने सांगितलं तर फार मदत होईल.