शब्दचर्चा: 'कॅस्टर'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, जुन्या अमेरिकन हॉट रॉडवर (घरी फेरफार करून पळवायच्या जुन्या गाड्या) मराठीत लेख लिहितोय. १९३२ची फोर्ड, पुढे अखंड आख, त्यावर आडवा पाटा (स्प्रिंग), दोन्ही टोकांना किंगपिन, म्हणजे ज्याभोवती चाक वळतं तो खिळा. टो-इनला, म्हणजे पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली असतात त्याला, 'चवडे आत' केलं, आवडलं मला. पण कॅस्टरला अडलोय, शब्दकोश एरंडेल दाखवतोय!

— मग दोन चमचे दे गाडीला, सरळ चालेल 😀 अरे गॅरेजमध्ये सगळे कॅस्टरच म्हणतात, राहू दे तसंच.

— थांबा, अर्थ तर बघा. कॅस्टर म्हणजे मुळात ऑफिसच्या खुर्चीखालचं चाक. खुर्ची ढकलली की ते गर्रकन फिरतं आणि पिनच्या मागे मागे येतं. तिथे पिन उभाच असतो, फक्त चाकाच्या पुढे असतो. गाडीत तोच परिणाम हवा म्हणून किंगपिनचं डोकं मागे झुकवतात आणि नाव त्या कोनाला चिकटलं. सायकलचा चिमटा तिरका असतो ना, तसं. 'मागकल' कसा वाटतो?

— मागकल छान. मग कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) 'बाजूकल'? मूळ अर्थ कमान आहे, पण कमान म्हटलं की लोकांना पाटाच आठवणार.

— बाजूकल चालेल. तसंही या गाड्यांत कॅम्बरला ॲडजस्टमेंट नसतेच, आख वाकवला तरच बदलतो.

— शब्द ठीक आहे पण एक खोट आहे, मागकल कशाच्या हिशोबाने ते लिहा. चेसिस (गाडीचा सांगाडा) सपाट ठेवून ६ अंश लावले, मग मोठे टायर घालून मागून ४ इंच उचलली, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १०६ इंच, म्हणजे पूर्ण गाडीच साधारण २ अंश पुढे झुकली, राहिले ४, आणि मग हायवेला गाडी भरकटते आणि माणूस स्टिअरिंग बॉक्सला शिव्या घालतो. म्हणून इंजिन बसवून, शेवटचे टायर चढवून, जमिनीला धरून मोजायचं. ५ ते ७ अंश बरे. टो नंतर: दोन्ही पुढच्या टायरवर खडूची रेघ मारायची, रेघांमधलं टायरच्या पुढचं आणि मागचं अंतर घ्यायचं, पुढे १/१६ ते १/८ इंच कमी भरलं पाहिजे.

— बरं झालं सांगितलंत काका, मी चेसिसपासूनच लिहिलं होतं. बदलतो. आता 'सुइसाइड फ्रंट एंड'? आत्मघातकी?

— आत्मघातकी म्हणजे बॉम्बवाले वाटतात हो. पाटा क्रॉसमेंबरच्या (चेसिसच्या आडव्या दांड्याच्या) खाली न ठेवता पुढे ब्रॅकेटवर टांगलेला असतो, ब्रॅकेट तुटला की गाडीचं नाक रस्त्यावर. आमच्याकडे अशा कामाला सरळ 'जीवघेणं' म्हणतात.

— 'जीवघेणा पाटा'. घेतला!