एडी मर्फी तुम्हाला कुठे भेटला?

१९८० साली 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आला तेव्हा एडी मर्फी १९ वर्षांचा होता. '४८ अवर्स'पासून 'डोलमाइट इज माय नेम'पर्यंत त्याने आपल्याला भरभरून हसवलंय. इथे आपापली आठवण लिहा. चित्रपटाची गोष्ट नको, तुमची हवी. सुरुवात मी करते.

'कमिंग टू अमेरिका' आईबरोबर पाहिला. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं न्हाव्याचं दुकान, बॉक्सरांवरून हमरीतुमरीवर आलेले म्हातारे. त्यातला गोरा ज्यू म्हातारा, सॉल, आईला फार आवडला. "हा कोण गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "एडी मर्फीच. त्याच्याशी भांडणारा न्हावीही तोच." तिने टेप मागे न्यायला लावली. पणशीकरांचा लखोबा तिने नाट्यगृहात बसून पाहिलेला, तिची दाद सहज मिळायची नाही. दुसऱ्यांदा पाहताना ती हसली नाही, नुसती निरखत राहिली.

*

मी नाशिकचा. शाळेत सगळे मला 'ढोल्या' म्हणायचे. 'द नटी प्रोफेसर'मधल्या जेवणाच्या टेबलावर आई, बाप, आजी, भाऊ आणि स्वतः जाडा प्रोफेसर शर्मन, पाचही जण एडी! भावंडं लोळून हसायची, मीही. पण मला लागला तो क्लबमधला प्रसंग. स्टेजवरचा विनोदवीर शर्मनच्या जाडीवरून बोलत सुटतो, सगळे हसतात, शर्मनही आधी हसून घेतो. मग त्याचे डोळे बदलतात. मेकअपवाल्या रिक बेकरने चढवलेल्या त्या जाड गालांमागे एडीचं स्वतःचं म्हणावं असं डोळ्यांखेरीज फारसं काही उरलंच नव्हतं. ते हसून घेणं मला पाठ होतं. मेकअपला ऑस्कर मिळालं, हक्काचंच होतं. एडीला मात्र साधं नामांकनही नाही. मला ते अजून सलतं.

*

लेक तापाने फणफणलेली असताना 'श्रेक'मधल्या गाढवाची, म्हणजे एडीच्याच आवाजातली, बडबड लावून ठेवायचे. दोन घास त्याच्या जिवावर पोटात गेले.

*

मला तो पडद्याबाहेरच जास्त भेटला. १९८८च्या ऑस्कर सोहळ्याची चित्रफीत पाहा. वय २७, तिकीटबारीवर त्याचंच राज्य, सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करायचा मान. मंचावर येऊन तो सांगतो की, आधी यायचं नाही असंच मनात होतं, कारण ही इंडस्ट्री कृष्णवर्णीयांची कदर करत नाही. हॅटी मॅकडॅनिअल, सिडनी पॉइटिए, लुई गॉसेट, इतकीच अभिनयाची ऑस्करं तोवर कृष्णवर्णीयांना मिळाली होती. समोर अख्खं हॉलिवूड बसलेलं. बोलून झालं आणि मग त्याने 'द लास्ट एम्परर'चं नाव वाचलं.