टॅपेट सेट केले तरी टक-टक, गॅप परत वाढतो

निफाडचा बागवाला:
राम राम मंडळी. बागेतला तीन सिलिंडरचा मिनी ट्रॅक्टर ब्लोअर (फवारणी यंत्र) लावला की मिसिंग मारतो (इंजिन अडखळतं), एअर क्लीनरमधून फट-फट. टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट (गॅप) नीट केली, लगेच गॅप पुन्हा वाढला. मेकॅनिक म्हणतो, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवा. फवारणी तोंडावर आलीय हो!

गॅरेजवाले अण्णा:
आधी बंद ठेवा. गॅप वाढतोय म्हणजे झीज कॅम (फिरताना व्हॉल्व्ह उघडायला लावणारा उंचवट्यांचा दांडा), टॅपेट (कॅमवर टेकणारा तुकडा) नाहीतर रॉकरची. व्हॉल्व्ह सीटमध्ये (त्याच्या बैठकीत) खोल बसला असता तर गॅप कमी झाला असता. कव्हर काढा, इंजिन हाताने फिरवा, प्रत्येक रॉकर व्हॉल्व्ह किती दाबतो ते एकमेकांशी ताडा. पुश रॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंतची सळई) काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर थडथडेल.

निफाडचा बागवाला:
दोन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) निम्माच दाबला जातो. रॉड सरळ, रॉकरही ठीक.

गॅरेजवाले अण्णा:
मग कॅमचा उंचवटा झिजला. धूर बाहेर पडायला पुरेशी वाट नाही, म्हणून तो इनटेककडून (हवा आत घेण्याच्या बाजूने) फटफटतो. नुसतं हेड उतरवून काय मिळणार, दुखणं खाली आहे. ऑइल काढून त्यात चुंबक फिरवा. लोखंडाचा चुरा निघाला तर कॅमशाफ्टबरोबर सगळे टॅपेटही नवे टाका, बेअरिंग बघून घ्या. फवारणीला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागा.