फॅमिली ग्रुप: आरव्हीचा पाण्याचा होज रात्री काढायचा की नाही?

सायली: मंडळी, पोचलो मोआबला (युटाह). भाड्याची आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) मस्त आहे. पण कॅम्पग्राउंडवर पाटी लावलीये, रात्री पाण्याचा होज (तिथल्या नळापासून गाडीपर्यंतची नळी) काढून ठेवा. आज रात्री 20 फॅरनहाइट, म्हणजे उणे 7 होणारे. खरंच काढायला हवा का? रात्री बाळाच्या बाटल्या धुवायला पाणी लागतंच.

नंदामावशी: अगं बाई, उणे सात! बाळाला नीट गुंडाळलंयस ना?

विनूमामा: होज राहू दे. नळ बारीक सोडून ठेव, वाहतं पाणी सहसा गोठत नाही. माझं अख्खं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलंय.

अभिदादा (मिनेसोटा): मामा, घरात चालतं ते. आरव्हीत ते पाणी ग्रे टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत साठतं. रात्रभर धार सोडली की टाकी भरून शॉवरमध्ये पाणी वर येणार. आणि भरू नये म्हणून ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला, तर ती बारीक धार बाहेरच्या नळीत थरावर थर गोठत जाते. सकाळी नळी बर्फाने गच्च!

विनूमामा: पटलं. मग बाटल्यांचं काय?

अभिदादा: सायली, अंधार पडायच्या आत फ्रेश टँक, म्हणजे गाडीतली स्वच्छ पाण्याची टाकी भरून घे. मग होज काढ, एका टोकाकडून उचलत जा, सगळं पाणी निथळू दे. रात्री गाडीतला पंप लावला की नळाला पाणी येतं. बाहेर फिल्टर लावला असशील तर तोही आत घे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. होज एक वेळ सोसेल, फिल्टरचं प्लॅस्टिकचं भांडं तडकतं.

सायली: रोहन म्हणतोय हीटेड होज आणू का?

अभिदादा: दोन रात्रींसाठी कशाला खर्च? शिवाय होज गरम आणि नळ उघड्यावर, असं झालं तर नळच गोठतो. त्यालाही हीट टेप (विजेवर गरम होणारी पट्टी) लागते. तिथला नळ उंच दांड्याचा आहे का?

सायली: हो, वर लाल दांडा.

अभिदादा: मग त्याचा व्हॉल्व्ह जमिनीत खोल आहे, थंडी पोचत नाही तिथे. बंद केला की वरच्या पाइपातलं पाणी खाली निचरून जातं. होज लावलेला राहिला तर हा निचरा नीट होत नाही. म्हणून ती पाटी.

विनूमामा: वा, डोकं लावलंय लेकाच्यांनी 👌 पण गाडीखालची टाकी गोठली तर?

अभिदादा: फर्नेस (गाडीतली गरम हवेची भट्टी) चालू ठेवा. बऱ्याच गाड्यांत तीच गरम हवा टाकीपर्यंत जाते. नुसता इलेक्ट्रिक हीटर लावला तर माणसं उबेत नि टाकी गारठलेली. सिंकखालच्या कपाटाची दारंही उघडी ठेव.

विनूमामा: आणि कारचं कूलंट ओतलं तर?

अभिदादा: मामा, नको!! विषारी असतं ते. आरव्हीचं गुलाबी अँटीफ्रीझ (पाइप गोठू न देणारं द्रव) वेगळं मिळतं, तेही गाडी हिवाळाभर बंद ठेवायची असेल तेव्हा पाइपात भरतात.

सायली: टाकी भरली. होज शॉवरमध्ये टाकलाय. पण पंप केवढा घरघरतो, बाळ उठेल 😩

नंदामावशी: एक पातेलं भरून ठेव गं. बाटल्यांपुरतं पुरेल.

अभिदादा: मावशी बरोबर. पंप बंद करून झोपा, लागेल तेव्हाच लावा.